तुकड्यावरून ओळखा वास्तू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील एखाद्या वास्तूचा लहानसा भाग छायाचित्रात दाखवायचा आणि वाचकांनी वास्तूचे नाव, तिचे गाव आणि ओळखण्याचे कारण अशा तीन गोष्टी लिहून पाठवायच्या, असे आमच्या या खेळाचे स्वरूप आहे. नाव बरोबर असले तरी कारण दिलेले नसेल, तर त्या उत्तराला निम्मेच गुण मिळतात. या नियमावर रागावून आलेली पत्रे बरीच आहेत; तथापि त्याच पत्रांतून काही फार चांगले प्रश्नही आले आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

लातूर येथील एक शिक्षिका : गंजगोलाईच्या छायाचित्रात केवळ वरच्या मजल्याचा एक भाग आणि खालच्या दुकानांची ओळ दिसत होती. गोलाई वरून पाहिल्याखेरीज कळत नाही. असे छायाचित्र देणे वाचकांवर अन्याय करणारे नाही का?

उत्तर : आपण लातूरच्याच असल्यामुळे गोलाईचे आकाशातून घेतलेले चित्र आपल्या डोळ्यांत पक्के बसलेले आहे, आणि म्हणूनच जमिनीवरचे चित्र आपल्याला परके वाटले असावे. त्या छायाचित्रात सज्जाची कड डावीकडून उजवीकडे जाताना मागे सरकत होती आणि खालच्या दुकानांच्या फळ्याही त्याच वळणाने तिरप्या होत गेल्या होत्या. सरळ रस्त्यावरच्या इमारतीत हे होत नाही. इमारतीची दर्शनी बाजूच वळती असेल, तिच्या खाली दुकाने असतील आणि समोर एकाऐवजी अनेक रस्त्यांची तोंडे दिसत असतील, तर मराठवाड्यात दुसरे नाव शोधण्याची फारशी गरज राहत नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या चौकाला 16 रस्ते येऊन मिळतात, मध्यभागी अंबाबाईचे देऊळ आहे आणि भोवतीच्या गल्ल्यांत सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत प्रत्येक मालाची स्वतंत्र पेठ बसलेली आहे. एका वाचकाने उत्तरात कारण म्हणून एवढेच लिहिले होते की, ‘दुकानांच्या पाट्या वाचताना मान वळवावी लागते.’ त्यांना आम्ही पूर्ण गुण दिले.

जालना येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थी : पांढरा घुमट, मिनार आणि कमान एवढेच दिसत असेल, तर बीबी का मकबरा आणि ताजमहाल यांतील फरक कसा ओळखावा? आमच्या गटात यावरून मोठा वाद झाला.

उत्तर : साम्याचे कारण आधी लक्षात घ्यावे, म्हणजे फरक शोधणे सोपे जाते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यास तिचा पुत्र आझमशहा याच्या नावाने बांधली गेली. प्रवेशद्वारावरील लेखात स्थपती म्हणून अताउल्लाह आणि अभियंता म्हणून हंसपत राय अशी दोन नावे आहेत. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचा स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. तेव्हा घाट सारखा दिसणारच.

फरक पहिल्यांदा साहित्यात शोधावा. मकबऱ्यात संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला आहे. मधला सारा भाग आपल्याच काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा चढवलेला आहे. जवळून घेतलेल्या छायाचित्रात गिलाव्याचा पांढरेपणा पिवळसर आणि डागाळलेला दिसतो, पावसाच्या ओघळांच्या काळ्या रेघा उमटतात, आणि एखादा पापुद्रा निघालेला असला तर प्रश्नच मिटतो. संगमरवरावर शिळांचे सांधे दिसतात, गिलाव्यावर ते दिसत नाहीत.

दुसरी खूण प्रमाणाची. मकबऱ्याची मुख्य इमारत अरुंद आणि उंच वाटते व त्या मानाने चारही मिनार अंगाने भरलेले दिसतात. तिसरी खूण निर्णायक आहे. मकबऱ्याच्या चौथऱ्यावरच पश्चिमेला एक मशीद आहे, जी पुढे निजामाच्या काळात बांधली गेली आणि जिच्यामुळे मूळ रचनेचा दोन्ही बाजूंचा तोल बिघडला. ताजमहालाची मशीद आणि तिच्या समोरची जोड-इमारत या दोन्ही लाल दगडाच्या असून पांढऱ्या चौथऱ्याच्या बाहेर आहेत. मकबऱ्यात आपण दक्षिणेकडून प्रवेश करतो, त्यामुळे समोरून घेतलेल्या चित्रात मशीद डाव्या हाताला आली पाहिजे. मोबाइलवरून फिरत येणाऱ्या काही चित्रांत ती उजवीकडे दिसते. ती चित्रे उलटी झालेली असतात, एवढाच त्याचा अर्थ.

धाराशिव जिल्ह्यातील एक निवृत्त ग्रंथपाल : तेर येथील विटांच्या वास्तूची मागील गोलाकार बाजू आपण दाखवली होती. मी ‘बौद्ध चैत्यगृह’, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, असे उत्तर पाठवले आणि आपण ‘त्रिविक्रम मंदिर’ हेच उत्तर ग्राह्य धरले. इतिहासाच्या दृष्टीने माझे उत्तर अधिक अचूक नव्हते काय?

उत्तर : आपले पत्र दोन पानांचे असून त्यातील प्रत्येक मुद्दा विचार करण्याजोगा आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही वास्तू समोरून पाहिली तर एक साधा, सपाट छपराचा मंडप दिसतो आणि पाहणारा पुढे निघून जातो. तिची खरी ओळख मागे आहे. मागची भिंत कोपरा न करता अर्धवर्तुळात वळते आणि वरचे विटांचे छप्पर अर्ध्या कापलेल्या पिंपासारखे लांबट गोल आहे. स्थापत्याच्या अभ्यासात या घाटाला गजपृष्ठाकार म्हणतात. अजिंठा आणि वेरूळच्या चैत्यलेण्यांत आत उभे राहून वर पाहिले असता जे गोल छत दिसते, तेच छत येथे डोंगराबाहेर, मोकळ्या जागेत, विटांनी उभे केलेले आहे. लाकडी चैत्यगृहे काळाच्या ओघात नाहीशी झाली आणि विटांची बहुतेक पडली. त्यामुळे छपरासकट टिकलेली अशी वास्तू भारतात अत्यंत दुर्मीळ आहे. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे तिचे जवळचे नातलग म्हणून नेहमी सांगितले जाते.

प्राचीन व्यापारात ‘तगर’ या नावाने ओळखले जाणारे हे गाव सातवाहन काळापासून भरभराटीचे होते आणि तेथे बौद्ध अवशेषही मिळालेले आहेत. या घाटावरून अनेक अभ्यासकांनी ही वास्तू मुळात चैत्यगृह असावी असे म्हटले आहे. मात्र गजपृष्ठाकार घाट केवळ बौद्धांनीच वापरला असे नाही, हाही आक्षेप तितकाच जुना आहे. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पूजा चालू आहे आणि गावातला कोणीही रस्ता दाखवताना त्रिविक्रमाचेच देऊळ म्हणतो.

आमच्या खेळाचा प्रश्न ‘ही वास्तू कोणती’ असा असतो. ‘ही मुळात काय असावी’ असा नसतो. आपले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे होते. तरीही आपण कारण म्हणून मागच्या भिंतीचे वळण आणि विटांचे लांबट छप्पर या दोन्ही गोष्टी नेमक्या लिहिल्या होत्या, त्यामुळे कारणाचे गुण आपल्याला दिलेले आहेतच. इतर वाचकांना सुचवावेसे वाटते की, गोरोबा काकांच्या दर्शनाला तेरला गेल्यावर या देवळाच्या मागच्या बाजूस एक फेरी अवश्य मारावी आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही पाहावे.

नांदेड येथील एक वाचक : काळ्या दगडाचे देऊळ दिसले की आम्ही ‘हेमाडपंती’ लिहितो आणि आपण गुण कापता. असे का?

उत्तर : कारण त्या उत्तराने देऊळ ओळखले जात नाही. ‘हेमाडपंती’ हे नाव ज्याच्यावरून पडले, तो हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मंत्री. आपल्याच जिल्ह्यातील देगलूर तालुक्यात होट्टल येथे जी देवळे आहेत, ती त्याच्याही आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. सर्वांनाच एका मंत्र्याच्या नावावर घालणे म्हणजे निम्म्या मराठवाड्याचा सातबारा एकाच्या नावे करण्यासारखे आहे.

छायाचित्रात पुढील गोष्टी पाहाव्यात. दगडांच्या सांध्यात पांढरी रेघ दिसते की केवळ बारीक काळी फट दिसते? फट असेल, तर चुना न वापरता दगडाला दगड घडवून बसवलेला आहे आणि बांधकाम यादवकाळातील किंवा त्याआधीचे असण्याची शक्यता मोठी आहे. चुन्याची रुंद रेघ असेल, तर तो भाग बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा असतो. भिंत सरळ चालली आहे की पुन्हा पुन्हा कोन करून आत-बाहेर होत आहे? बीडचे कंकालेश्वर मंदिर अशा तारकाकृती कोनांनी ओळखता येते, शिवाय ते कुंडाच्या मधोमध उभे असल्याने चित्राच्या तळाशी पाणी किंवा ओलसर पायऱ्या दिसतात. गाभारे किती आहेत? निलंग्याच्या नीळकंठेश्वराला तीन गाभारे आहेत, त्यामुळे मंडपातून घेतलेल्या चित्रात एकाहून अधिक दिशांना कोरीव दारे दिसतात. बाहेरच्या मूर्ती कोणत्या आहेत? भोकरदन तालुक्यातील अन्वा येथे देवळाच्या बाहेरच्या अंगाला विष्णूच्या शक्तींच्या, म्हणजे स्त्रीरूपातल्या मूर्ती आहेत. हातात शंख-चक्र आणि अंग मात्र स्त्रीचे, असे दिसले की जालना जिल्ह्याकडे वळावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देवळाचे वरचे व खालचे अंग एकाच काळातले आहे असे गृहीत धरू नये. औंढा नागनाथचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि मूर्तींनी गजबजलेला आहे, तर वरचे शिखर नंतरचे, विटा-चुन्याचे आहे. आम्ही शिखराचा तुकडा छापला असता, तर अर्ध्या वाचकांनी ते मराठा काळातले एखादे देऊळ ठरवले असते. पायथ्याचा तुकडा छापला असता, तर आपण हेमाडपंती लिहून मोकळे झाला असता.

हिंगोली येथील एक वाचक : औंढ्याच्या छायाचित्रात नंदी होता, पण समोर देवळाचे दार नव्हते. हा नंदी उचलून दुसरीकडे ठेवला आहे, असे समजून मी चुकलो.

उत्तर : तीच तर तेथील खूण आहे. औंढ्याला नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जायला सांगितले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी त्यामागची आख्यायिका आपल्याकडे लहानपणीच ऐकायला मिळते. हिंगोलीकरांनी हे उत्तर चुकवावे, याचे आम्हाला थोडे आश्चर्य वाटले.

छत्रपती संभाजीनगर येथील एक हौशी छायाचित्रकार : छायाचित्रातील उन्हावरून वास्तू ओळखता येते का?

उत्तर : वास्तू थेट ओळखता येत नाही, परंतु चुकीची नावे गाळता येतात आणि तेही कमी नाही. बहुसंख्य देवळांचे तोंड पूर्वेला असते, तेव्हा दारावर थेट ऊन असेल तर वेळ सकाळची असते. आपल्याकडील मशिदींची मागची भिंत पश्चिमेला येत असल्याने त्यांच्या कमानींवरही सकाळीच ऊन पडते. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. तेथे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर खांबांच्या आतपर्यंत ऊन जाते. म्हणून वेरूळची बहुतेक चांगली छायाचित्रे दुपारनंतरची असतात.

आपल्या शहराच्या दरवाजांना हे फार चांगले लागू पडते. 1682 मध्ये औरंगजेबाने उभारलेल्या तटबंदीतील मोठ्या दरवाजांची नावेच दिशा सांगतात. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, मक्काई पश्चिमेला. दिल्ली दरवाजाच्या बाहेरच्या अंगावर हिवाळ्यात थेट ऊन पडत नाही. तेव्हा सर्वांनी स्वेटर घातलेले आहेत आणि कमानीवर लख्ख ऊन आहे, असे चित्र त्या बाजूचे असू शकत नाही. मक्काई दरवाजा आणि पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा यांना खाम नदीवरील पुलांची जोड आहे, त्यामुळे कठड्याचा तुकडा दिसला तर या दोघांत निवड करावी. भडकल दरवाजा मात्र या हिशोबात धरू नये. तो मलिक अंबरने 1612 मध्ये मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून उभारलेला आहे, औरंगजेबाच्या तटाच्या सत्तर वर्षे आधी.

तुळजापूर येथील एक वाचक : नळदुर्गचे छायाचित्र म्हणजे निव्वळ कोसळणारे पाणी होते. पाणी कोणत्याही धरणाचे असू शकते.

उत्तर : पाण्यामागे दगडी बांधकामातील खिडकी दिसत होती, ती आपण पाहिली नाही. बोरी नदीवरच्या या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की ते खिडक्यांच्या समोरून कोसळते, आतला माणूस मात्र कोरडा राहतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात 1613 मध्ये हे काम झाले. बांधाच्या एका टोकाला नळदुर्ग आणि दुसऱ्या टोकाला रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला आहे. नर आणि मादी हे दोन्ही सांडवे पावसाळ्यात बांध भरल्यावरच वाहतात, एरवी तेथे कोरडी भिंत असते.

औसा तालुक्यातील एक शेतकरी वाचक : आमच्याकडे देवळे-किल्ल्यांपेक्षा जुने वाडे आणि गढ्या जास्त आहेत. या खेळात त्यांना जागा का नाही?

उत्तर : जागा आहे आणि ती रिकामी राहिली, याची रुखरुख आम्हालाही आहे. अडचण दोन प्रकारची आहे. वाडा खासगी मालमत्ता असतो, त्यामुळे मालकाच्या लेखी संमतीशिवाय छायाचित्र छापता येत नाही आणि छापले तरी मालकाचे नाव देता येत नाही. दुसरी अडचण अशी की, ओळखणारे वाचक त्या एका गावातलेच असतात.

तरीही आपल्या पत्रामुळे आम्ही एक वेगळा प्रकार सुरू करत आहोत. त्यात वाड्याचे नाव विचारले जाणार नाही. चित्रातला भाग घराचा कोणता, एवढेच विचारले जाईल. वेशीसारख्या दारातून आत येताच लागणारी ढाळज, चौकाभोवतीचे सोपे, लाकडी खांबांवरच्या तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले माळवद, उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी त्यात ठेवलेले साणे, पावसाचे पाणी भिंतीपासून लांब टाकणारी दगडी पन्हळ. आज तिशीच्या आतील वाचकाला यांतील किती गोष्टी चित्रावरून सांगता येतील, याची आम्हाला उत्सुकता आहे.

वयाचा उल्लेख मुद्दाम केला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे प्रचंड ओझे, या दोन्ही गोष्टी उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या होत्या, परंतु धक्क्यात भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन थरांची एकमेकांना बांधणी नसल्याने भिंती फुटल्या आणि छत झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर लातूर-धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी, आखीव रस्त्यांवर वसली. शेजारच्या गावांतही लोकांनी माळवदे उतरवून पत्रे घातले. त्यामुळे जुन्या घराची छायाचित्रे, ती कितीही अंधूक असली तरी, आम्हाला अवश्य पाठवावीत. चित्राच्या मागे गाव, अंदाजे वर्ष आणि छायाचित्र कोणत्या बाजूने घेतले आहे, हे पेन्सिलीने लिहावे. शाईने लिहिल्यास पुढच्या बाजूला डाग उमटतात.

परभणी येथील एक पालक : मुले मोबाइलवर चित्र टाकून क्षणात उत्तर शोधतात. मग खेळाला अर्थ काय?

उत्तर : मकबरा किंवा कैलास लेणे असेल तर यंत्र क्षणात सांगते, कारण त्यांची असंख्य चित्रे त्याने पाहिलेली असतात. दौलताबादच्या चिनी महालाच्या भिंतीवर उरलेला निळ्या-पांढऱ्या फरशांचा ठिपका किंवा चारठाण्याच्या देवळातील खांबाचा तळ दाखवला की ते जगभरची नावे सुचवू लागते. मुलांना यंत्र वापरू द्यावे. आम्ही कारण लिहायला सांगतो ते यासाठीच. यंत्राने ‘दौलताबाद’ सांगितले, तरी फरशी कोणत्या इमारतीवर आहे आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला औरंगजेबाने जेथे कैदेत ठेवले, ती इमारत हीच काय, हे मुलांना वाचूनच लिहावे लागते.

बीड येथील एक वाचक : उत्तरात औरंगाबाद लिहावे की छत्रपती संभाजीनगर? उस्मानाबाद की धाराशिव?

उत्तर : 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत आहेत, आम्ही तीच छापतो. जुने नाव लिहिल्यास गुण कापले जात नाहीत. गावाबरोबर तालुका मात्र लिहावाच, कारण एकाच नावाची गावे आपल्याकडे भरपूर आहेत.

या अंकाच्या छायाचित्रात एका कोरीव दगडी खांबाचा मधला हातभर भाग आहे. खांब देवळाच्या आत नाही, उघड्यावर उभा आहे. गोदाकाठी पैठणला असा एक खांब आहे आणि जिंतूर तालुक्यात चारठाण्याला दुसरा. यांपैकी हा कोणता, ते कोरीव कामातील एक तरी फरक दाखवून कळवावे.